मी पुन्हा हसलो

पुणे, अनंत चतुर्दशी

प्रिय बाळ्यास,
सप्रेम नमस्कार.

आठ महिने तुझ्या पत्राला उत्तर नाही, त्याबद्दलच्या शिव्या फोनवर एकदम दे. साखर आटोक्यात आहे, गुडघा नाही. आज लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणाने, आणि ते तुझ्यावाचून कोणाला सांगण्यासारखे नाही.

पार्किंगच्या जागेवरून ज्यांच्याशी माझे दोन वर्षे बोलणे बंद आहे, ते आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी परवा आरतीसाठी कोरे सोवळे नेसून, मोदकांचे ताट दोन्ही हातांनी सावरत जिना उतरत होते. शेवटच्या पायरीवर कोणाच्या तरी छत्रीचे पाणी साचले होते. आधी ताट उडाले, मग ते. एक मोदक घरंगळत माझ्या चपलेपाशी येऊन थांबला आणि मला हसू फुटले. हसले सगळेच, पण ते मनगट धरून कण्हू लागले तशी बाकीची मंडळी गप्प झाली, माझे हसणे मात्र आणखी दोन क्षण चालूच राहिले. हाड मोडले आहे.

रस्त्यात धावणारा माणूस अडखळून पडला की लोक का हसतात, याचा विचार बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९०० साली केला होता. हसण्यासाठी काळीज क्षणभर बधिर व्हावे लागते, असे त्याचे म्हणणे. मला ते पटत नाही. माझे काळीज चांगले जागे होते, आणि पडणारा माणूस नेमका कोण आहे हे त्याला पक्के ठाऊक होते. तिथे दुसरा कोणी पडला असता तर मी आधी हात दिला असता का, हे मी दोन दिवस स्वतःला विचारतो आहे. (तुझे उत्तर मला माहीत आहे, ते लिहू नकोस.)

मयसभेची गोष्ट आपण लहानपणापासून द्रौपदीच्या माथी मारत आलो. सभापर्वात दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा हसतो तो भीम, आणि त्याच्याबरोबर नोकरचाकर; द्रौपदी हसल्याचे पुढे दुर्योधनच सांगतो. ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे तिच्या तोंडचे वाक्य मागाहून चिकटवलेले आहे. मला मात्र तिथली वेगळीच ओळ छळते. राजाज्ञेने दुर्योधनाला लगेच कोरडी, चांगली वस्त्रे देण्यात आली. ती वस्त्रे त्याला उलट अधिकच झोंबली. सेक्रेटरींना रिक्षातून दवाखान्यात मीच नेले, प्लास्टर होईपर्यंत बाकावर बसून राहिलो, आणि परतताना त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिले नाही.

तुझ्या आजोळच्या विहिरीवर शेवाळावरून घसरून तू थेट शेणात बसलास, तेव्हाही मी असाच हसलो होतो, आणि तू अख्खे सत्र माझ्याशी बोलला नाहीस. मी अंगातला शर्ट काढून तुला दिला होता, हे भांडताना तू एकदाही कबूल केले नाहीस. खरे म्हणजे त्या दिवशी सकाळीच तुझे गुण माझ्यापेक्षा जास्त आल्याचे कळले होते. हे आज प्रथमच लिहितो आहे.

धाकटीचे जमले हे ऐकून आनंद झाला. तारीख कळव, आम्ही दोघे येऊ. वहिनींना नमस्कार.

त्या सत्रानंतर तू माझ्याशी पहिल्यांदा बोललास, ते कशामुळे, एवढे मात्र नक्की लिही. शर्ट अजून तुझ्याकडेच आहे.

तुझा,
अण्णा