माळावरचे चर बुजवा: मंत्रिमहोदयांना खुलं पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

पुण्यातल्या बैठकीत तुम्ही सगळ्यांसमोर शब्द दिला होतात की पूर्वेकडच्या माळांवर पाहणी झाल्याशिवाय जेसीबी चढणार नाही. गेल्या आठवड्यात तो चढला. बारामतीच्या वाटेवरचा आमचा माळ या टोकापासून त्या टोकापर्यंत चरांनी फाडलाय. पवन्या गवताचे ठोंब मुळं वर करून पडलेत, ढेकळांमध्ये कंदीलपुष्पाचे कंद चिरलेले आहेत. शेजारी ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाच्या रोपांच्या पिशव्या रचून ठेवल्यात.

ते बघायला गेले आणि मोकळ्या मातीवरून पाय सरकून चरात पडले. उजवं मनगट मोडलं. हे पत्र डाव्या हाताने टाइप करते आहे, एकेका ओळीला जीव मेटाकुटीला येतोय. वेणी घालता येत नाही, भाकरी थापता येत नाही, रात्री ठणक्याने झोप लागत नाही. हात गळ्यात अडकवून तुमच्या खात्याच्या कचेरीत तक्रार द्यायला गेले, तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. मग साहेब म्हणाले, "बाई, पडीक जमिनीवर झाडं लावतोय, त्यात तुमचं काय बिघडलं?"

काय बिघडलं ते सांगते. सगळी नोकरी वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेली आहे माझी.

तुमच्या खात्याचा समज असा की इथे पूर्वी घनदाट रान होतं, माणसाने ते तोडलं आणि मागे गवत उरलं. साहेब, सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं. ध्रुवांकडे इतकं पाणी बर्फ होऊन बसलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटर खाली होता. मध्य आशिया आणि तिबेट गारठलेले, त्यामुळे मान्सूनला ओढून घेणारी जमिनीची उष्णताच कमी पडली आणि पाऊस रोडावला. राजस्थानात डीडवान्याच्या सरोवराच्या गाळात त्या काळातले मिठाचे थर सापडतात. पुढे पृथ्वीच्या आसाची डुलण बदलली, उन्हाळ्यातलं ऊन वाढलं, मान्सून परतला आणि त्याच सरोवरात गोडं पाणी भरलं. काही हजार वर्षांनी ते पुन्हा आटलं. सहाराही तेव्हा सुमारे ११ हजार ते ५ हजार वर्षांपूर्वीपर्यंत हिरवा होता, तिथे तळी होती, पाणघोडे होते. वाळवंट असं पुढे सरकतं, मागे हटतं, आणि प्रत्येक फेरीत वनस्पतींची निवड होत जाते.

त्या निवडीत गवत टिकलं. हवेतला कार्बन डायऑक्साइड हिमयुगात दशलक्षात १९० भागांच्या आसपास होता, आज तो ४२० च्या वर आहे. एवढ्या कमी वायूत झाडाचं रोप रखडत वाढतं, वणव्याच्या उंचीबाहेर जाण्याआधीच जळतं. आपल्या माळावरची बहुतेक गवतं मात्र तो वायू पानात एकवटून वापरतात, पाणीही कमी पितात. हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिक टेकड्यांच्या जुन्या मातीत अशा गवतांची खूण सुमारे ७० लाख वर्षं मागे जाते. आणि लांब कशाला जायचं? चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला शहामृगाच्या अंड्यांची कवचं सापडली आहेत, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची. एका तुकड्यावर तर माणसाने नक्षी कोरली आहे. शहामृग घनदाट रानात राहत नाही, त्याला धावायला उघडा माळ लागतो. महाराष्ट्रात तो होता!

मान्सून आला-गेला, पण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आजही वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. म्हणून इथे हिवर, खैर, बोर विरळ उभे असतात आणि मध्ये गवत. चिंकारा, लांडगा, धाविक पक्षी या माळावर जगतात. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं आहे, चिंकाऱ्याला त्याच्या बाहेरचा माळही लागतो. धनगरांची मेंढरंही त्याच गवतावर. परवा एक मेंढपाळ मला म्हणाला, "ताई, चरात पाय अडकून मेंढरं लंगडी झाली, आता सांगायचं कुणाला?"

हिमयुगाचा दुष्काळ जिरवलेलं गवत तुमचं एक टेंडर मारतंय. कारण सरकारी दप्तरात गवताला किंमत नाही, रोपांच्या आकड्याला आहे. २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी रोपांचं लक्ष्य, आणि लावायला मोकळी जागा हवी म्हणून माळ. पुण्याच्या वेताळ टेकडीवर जाऊन बघा, ग्लिरिसिडियाखाली गवत उरलेलं नाही. खड्डे मोजून बिल निघतं, फोटो काढून अहवाल निघतो, रोप मेलं की पुढच्या पावसाळ्यात त्याच खड्ड्यावर पुन्हा पैसे. ज्यांना गवत ओळखता येत नाही ते सही करतात आणि ज्यांना येतं त्यांना बाकावर बसवलं जातं. आम्ही कर भरतो तो कशासाठी?

जेसीबी आजच माघारी बोलवा. पाऊस पडायच्या आत चर बुजवा, उपटलेले ठोंब सावलीत ठेवून परत लावा, त्यातले काही अजून जगतील. पुढचा कोणताही माळ खणण्याआधी गवत जाणणाऱ्या माणसाकडून पाहणी करून घ्या आणि अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. आणि बैठकीत दिलेला शब्द का मोडला, याचं उत्तर मला लेखी हवं आहे, तुमच्या सहीचं.

आपली,
वनस्पतिशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका, पुणे