गाडी उलाळ होऊ नये म्हणून

नोव्हाय, मिशिगन
१४ जून २०२५

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दुसऱ्याने अर्धवट बांधून टाकलेला ट्रेलर, म्हणजे मोटारीमागे ओढून न्यायची झोपण्याची छोटी गाडी, पैसे मोजून घरी आणण्यात कसला शहाणपणा, असे बाबांनी मागच्या रविवारी फोनवर विचारले होते. नातीने मध्येच फोन ओढून घेतल्यामुळे उत्तर द्यायचे राहून गेले. शिवाय बाबांना हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे. चंदगडच्या आत्यालाही ते वाचून दाखवा. 'ट्रेलर' हा शब्द ऐकल्यावर तिच्या डोळ्यांपुढे उसाने खच्चून भरलेली ट्रॉली उभी राहिली, आणि आम्ही तिघे त्यात झोपणार या कल्पनेने ती धास्तावली आहे.

या प्रकाराला इकडे टिअरड्रॉप म्हणतात, कारण बाजूने पाहिले असता तो आडव्या थेंबासारखा दिसतो; पुढे गोल आणि मागे उतरता. आमचा पाच फूट रुंद आणि आठ फूट लांब आहे. आत फक्त गादी आहे, आणि उंची चारच फूट असल्यामुळे बसता येते, उभे राहता येत नाही. १९३० च्या दशकात हे कॅम्पर इथे दिसू लागले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पुष्कळ लोकांनी ते घरच्या घरी बांधले, कारण आठ बाय चारच्या एका प्लायवूडमधून एक पूर्ण भिंत निघते. स्वयंपाकघर मागच्या बाजूला असते. मागचे मोठे झाकण वर उचलायचे आणि त्याच्याच सावलीत, बाहेर जमिनीवर उभे राहून, ओट्यावर शेगडी पेटवायची. तुम्हाला हे नवे वाटायचे कारण नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेला आजोबा येळ्ळूरहून तट्ट्याचे छप्पर घातलेली जी बैलगाडी काढत, तिच्यात पुढे झोपायला कडब्यावर घोंगडे आणि मागे भांडी व सरपण असेच असायचे.

गेल्या नोव्हेंबरात हा सांगाडा मला तासाभराच्या अंतरावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे मिळाला. गुडघे गेल्यामुळे त्यांनी काम सोडले होते. लोखंडी चौकट, आस, चाके, तळाची फळी, उभ्या केलेल्या दोन भिंती, छपराचे चार वासे आणि न उघडलेली अॅल्युमिनियमच्या पत्र्याची गुंडाळी, एवढा ऐवज होता. मी आधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले. ते तंतोतंत सारखे भरले, वेल्डिंगही स्वच्छ होते, आणि तिथेच माझा निर्णय झाला. वेल्डिंगचे यंत्र माझ्याकडे नाही आणि हातही नाही. मात्र लाकडाचे काम उद्यमबागच्या फाउंड्रीत, ओतकामाचे लाकडी नमुने करायच्या पॅटर्न शॉपमध्ये, तुमच्या बाकाखाली बसून मी पाहिले आहे. जे मला जमले नसते ते त्यांनी करून ठेवले होते आणि जे उरले होते ते मला येण्यासारखे होते, हेच तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे.

अर्थात, पहिला दीड महिना मी एकही गोष्ट जोडली नाही, केवळ सोडवत बसलो. तळाच्या फळीला खालून काहीच लावलेले नव्हते, आणि चाकांनी उडवलेले पाणी तर तिथेच बसते. मागच्या डाव्या कोपऱ्यात टोच्या दाबला तर भिजलेल्या खारीत शिरावा तसा मुठीपर्यंत शिरला. तेवढा तुकडा कापून नवा बसवला आणि सगळा तळ इपॉक्सी या कडक होणाऱ्या राळेने बंद केला. मात्र गॅरेजमधली थंडी इतकी होती की इपॉक्सी धरेचना, म्हणून ते काम एप्रिलपर्यंत थांबले. दुसरा त्रास सिलिकॉनचा. त्या गृहस्थांनी प्रत्येक सांध्यात ते सढळ हाताने भरले होते, आणि सिलिकॉन एकदा लागले की त्या जागेवर ना रंग बसतो ना दुसरा गोंद. पटाशीने खरवडून, वर लाकडाचा पापुद्रा रंध्याने काढला तेव्हा कुठे ते सुटले. तिसरी गोष्ट तुम्हाला ऐकवताना मला हसू येते. दोन्ही भिंती त्यांनी एकमेकींवर ठेवून न कापता वेगवेगळ्या कापल्या होत्या, त्यामुळे मागच्या वळणावर डावी भिंत उजवीपेक्षा सहा मिलिमीटरने फुगीर होती. तुम्ही असतात तर त्या माणसाला बाकावरून उठवले असतेत. मी मात्र त्यांना दोष देत नाही. एकट्या माणसाला एवढे मोठे प्लाय धरून कापणे अवघड जाते हे मी स्वतःच अनुभवले आहे. उजव्या भिंतीवरून फर्मा काढला आणि त्याला टेकवून डावी राउटरने, म्हणजे लाकडाची कड कोरणाऱ्या यंत्राने, उतरवली.

खरी परीक्षा मागच्या झाकणाने घेतली. अठरा मिलिमीटर प्लायच्या पाच वक्र फासळ्या कापल्या, त्यांवर तीन मिलिमीटरचे बर्च प्लाय वाकवून गोंद लावून रात्रभर शिकंज्यांत आवळून ठेवले, आणि सकाळी शिकंजे सोडले तर झाकणाची खालची कड भिंतीपासून अठरा मिलिमीटर बाहेर उभी. वाकवलेले प्लाय सरळ व्हायला बघते आणि जाताना फासळ्यांनाही ओढून नेते. त्या सकाळी मला तुमच्या पेटीतली पट्टी आठवली. आठवते का, सातवीत असताना मी ती श्रिंक रूल चोरून शाळेत नेली होती आणि भूमितीच्या वहीतले प्रत्येक माप मिलिमीटरभराने चुकले होते? ओतलेले बीड (कास्ट आयर्न) थंड होताना मीटरमागे सुमारे दहा मिलिमीटर आकसते, म्हणून पॅटर्न तेवढे मोठे करायचे आणि त्यासाठी पट्टीवरच्या खुणाच लांबवायच्या, हे त्या दिवशी तुम्ही मला न रागावता समजावले होतेत. इथे आकसणे नव्हते, उसळणे होते, पण हिशेब तोच. दुसऱ्या खेपेला फासळ्यांचे वळण टोकाशी वीस मिलिमीटरने जास्त आत घेतले, आणि बाहेरून व आतून अशी दोन्हीकडे प्लाय चिकटवली, म्हणजे एकीने दुसरीला धरून ठेवावे. आता दोन मिलिमीटरची फट राहिली आहे आणि ती रबराच्या पट्टीत मावते. पहिले झाकण फेकले नाही. ते सध्या कुंड्यांवर छप्पर झाले आहे.

पत्रा चढवताना तो लाकडाला सबंध चिकटवण्याचा मोह आवरला. इथे हिवाळ्यात पारा उणे वीसपर्यंत उतरतो आणि उन्हाळ्यात तीसच्या वर जातो. पन्नास अंशांच्या फरकात तीन मीटर अॅल्युमिनियम सुमारे साडेतीन मिलिमीटर लांबते, आणि जागा मिळाली नाही तर फुगे धरते. म्हणून तो केवळ कडांना, ब्यूटाइलच्या चिकट पट्टीवर कोनपट्टी ठेवून, भोके जरा सैल पाडून स्क्रूने धरला आहे. सगळे झाल्यावर नळीने अर्धा तास पाणी मारले, तर आत एक थेंब दिसला आणि तो कुठून आला ते कळेना, कारण पाणी शिरते एकीकडे आणि ठिबकते दुसरीकडे. शेवटी सुनेच्या डब्यातली पांढरी रांगोळी आतल्या सांध्यांवर भुरभुरवली आणि पुन्हा पाणी मारले. बिजागरीच्या डाव्या टोकाशी रांगोळीत बोटभर काळपट रेघ उमटली. फाउंड्रीत तुम्ही खडू आणि रॉकेलने गळती शोधायचात, त्यातलाच हा प्रकार. रांगोळी वाया घालवल्याबद्दल मला बोलणी बसली ती वेगळी.

बाकीचे थोडक्यात सांगतो. बारा व्होल्टची बॅटरी, तीन दिवे आणि फ्यूज बसवले. छपरात चौदा इंची चौकोनी झरोक्यात पंखा आहे, कारण बंद डब्यात तीन माणसे रात्रभर श्वास सोडतात तेव्हा सकाळी भिंतींना घाम फुटतो. आईने विचारले होते म्हणून सांगतो, आत शेगडी कधीही पेटवणार नाही, आणि तरीही विषारी वायूची सूचना देणारे यंत्र लावले आहे. टायर रस्त्याला लागलेलेही नव्हते, पण त्यांवर ३४१७ असा आकडा होता, म्हणजे २०१७ सालच्या चौतिसाव्या आठवड्यातले, ते बदलले. मुलीसाठी पायथ्याशी, आमच्या पायांच्या वर, आडवी फळी टाकली आहे. ती सात वर्षांची आहे, त्यामुळे तिथे अजून तीन-चार वर्षे मावेल.

आता आजोबांची गोष्ट. गाडी भरताना ते दांडी एका हाताने उचलून बघायचे आणि मागे ओझे जास्त झाले असेल तर 'उलाळ होतीय' म्हणून एक पोते पुढे सरकवायचे. इथे तेच शास्त्र आकड्यांत मांडलेले आहे: एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या दांड्यावर, म्हणजे तो दांडा मोटारीला मागे ज्या लोखंडी गोळ्यावर अडकतो त्यावर, आला पाहिजे. तो कमी असेल तर वेगात मागची गाडी झोके घेऊ लागते आणि मोटारीलाही ओढते. मी मालमोटारींच्या काट्यावर वजन केले (कारखान्याच्या काट्यावर आपल्या लोकांचा जेवढा विश्वास, तेवढाच मनात ठेवून दोनदा केले) आणि ते ५६० किलो भरले. दांड्याखाली घरातला वजनकाटा ठेवला तर ४७ किलो, म्हणजे साडेआठ टक्क्यांच्याही आत. गाडी चक्क उलाळ होती! मागच्या ओट्याखालची बॅटरी आणि पाण्याचा डबा काढून दांड्यावरच्या पेटीत नेले, तेव्हा ६८ किलो झाले. त्यानंतर शेजारच्या मोकळ्या रस्त्यावर तासभर फिरवली, पुढे नेली, मागे घेतली. मागे घेताना चाक उलटे फिरवावे लागते, ते अजून मला नीट जमत नाही.

नोंदणीची पाटी मिळाली आहे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मिशिगन सरोवराच्या काठी स्लीपिंग बेअर ड्यून्स येथे चार दिवस जायचे ठरले आहे. तिथे वाळूचे डोंगर थेट पाण्यात उतरतात.

एकच काम राहिले आहे आणि त्यासाठी तुमची मदत हवी. ओट्याखालचे तिन्ही खण रस्त्यावर गचका बसला की उघडतात. बाजारात मिळणाऱ्या चुंबकाच्या कड्या त्यांना धरत नाहीत. येळ्ळूरच्या घरी फडताळाला आजोबांनी केलेली सागवानी फिरती खिट्टी आहे, जी आपल्याच वजनाने खाली पडून बसते. तिची लांबी, रुंदी, जाडी आणि खिळ्याचे भोक टोकापासून किती अंतरावर आहे, एवढे कागदावर काढून त्याचा फोटो दादाकडून पाठवून द्या. खिळा मधोमध नाही एवढे मला आठवते. एक बाजू जड ठेवल्यामुळेच ती पडत असणार. आणि बाबा, माप कृपा करून साध्या पट्टीने घ्या, पेटीतल्या त्या पट्टीने नको.

आईच्या गुडघ्यासाठी तेल पाठवले आहे. आत्यास नमस्कार, दादाच्या मुलांस आशीर्वाद.

आपला,
धाकटा