‘उपाशीपोटी’ म्हणजे चहासुद्धा नाही, हे छापायला हवं होतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ठिसूळ हाडांवरचा लेख वाचला आणि काल पुन्हा वाचला. पहिल्या वाचनात माझ्या नजरेतून काही सुटलं असेल असं वाटलं होतं. सुटलेलं नव्हतं. दूध, नाचणी, तीळ, कोवळं ऊन आणि चालणं यांना अर्धं पान मिळालं आहे. औषधांच्या वाट्याला दोनच वाक्यं आली आहेत. त्यातलं पहिलं ‘गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यावी’, दुसऱ्याकडे शेवटी येते. वर चित्र गुडघा धरून बसलेल्या आजीचं. गुडघ्याची झीज हा वेगळा आजार आहे. ठिसूळ झालेलं हाड मोडेपर्यंत बहुधा दुखतही नाही, म्हणून तर ते कुणाच्या लक्षात येत नाही.

‘उपाशीपोटी’ या शब्दाने आमच्या घरात काय केलं ते सांगते.

माझी आई ७८ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पडली आणि मनगट मोडलं. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाशी तुलना करून काढलेला आकडा, उणे ३.१ निघाला. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. डॉक्टरांनी हाड विरघळणं रोखणाऱ्या ॲलेन्ड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा लिहून दिली. औषधाच्या दुकानातल्या मुलाने कागदी पाकिटावर लिहिलं, ‘दर रविवारी १, सकाळी उपाशीपोटी’. आईने ते अक्षरशः पाळलं. पाचला उठायची, चहा टाकायची आणि चहाच्या घोटाबरोबर गोळी घ्यायची. थंडीचे दिवस होते, मग पुन्हा गोधडी ओढून तासभर पडायची.

माझ्या आईच्या पिढीत चहाला कुणी खाणं समजत नाही. एकादशीला निर्जळी नसेल तर चहा चालतो. मी नंतर तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “अगं, पोटात अन्नाचा कण नव्हता. चहाने काय उपास मोडतो?” तिच्या दृष्टीने तिचं काहीच चुकलं नव्हतं, आणि आजही मला तिला दोष देववत नाही. साखर तपासायला गेलं की लॅबवाली मुलगी बजावून सांगते, “चहासुद्धा घ्यायचा नाही, फक्त पाणी.” रक्त काढताना सांगतात ते गोळी देताना कुणी का सांगत नाही?

पाचव्या-सहाव्या आठवड्यात तिला छातीत जळजळ सुरू झाली. मग भाकरीचा घास उतरताना दुखायला लागलं. आम्ही सगळ्यांनी पित्त समजून ॲसिडिटीचं औषध दिलं. गोळी दर रविवारी चालूच होती. शेवटी दुर्बिणीने तपासणी केली तेव्हा अन्ननलिकेत व्रण दिसले. त्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “हाडांची गोळी घेऊन आडव्या होता का?” तोवर हा प्रश्न तिला कुणीही विचारला नव्हता.

त्या दिवशी जे कळलं ते इथे लिहिते. ही गोळी उठल्यावर सगळ्यात आधी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर अख्खी गिळायची. चघळायची, चोखायची नाही. त्यानंतर निदान अर्धा तास दुसरं काही खायचं-प्यायचं नाही. तो अर्धा तास, आणि पुढे पहिला घास पोटात जाईपर्यंत, ताठ बसायचं, उभं राहायचं नाहीतर चालायचं, पण आडवं व्हायचं नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथलं अस्तर जाळते, म्हणून भरपूर पाणी आणि ताठ बसणं. साध्या पाण्याबरोबर घेतली तरी तिचा शंभरातला जेमतेम एक भाग रक्तात जातो. कॉफीबरोबर घेतली तर तेही निम्म्याहून खाली येतं. दूध, कॅल्शियमची गोळी आणि ॲसिडिटीची काही औषधं तिला पोटातच बांधून ठेवतात. म्हणजे आईने दीड महिना गोळीचा त्रास तेवढा भोगला, हाडांपर्यंत त्यातलं फारसं काही पोहोचलंच नसणार. त्यात ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडीही रविवारीच, दुधातून. ती आणि गोळी दोन्ही कधीकधी एकाच वेळी. दोन वार वेगळे करा, एवढं सांगायला किती वेळ लागला असता?

दुकानदार पट्टी पाकिटात घालून देतात, सूचनांचा कागद खोक्यातच राहतो. तो हाती आला असता तरी इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. आईची शाळा सातवीपर्यंत झाली. तिला मराठी वर्तमानपत्र वाचता येतं आणि ती ते रोज पहिल्या पानापासून वाचते. म्हणूनच माझा राग तुमच्यावर आहे. हे तिच्यापर्यंत तुम्हीच पोहोचवू शकत होतात.

आईला आता वर्षातून एकदा शिरेतून झोलेड्रोनिक ॲसिड हे त्याच जातीचं औषध देतात. त्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळायला), कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासलं. हलणारी दाढ आधी काढून जखम भरू दिली, कारण या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. ती आता बरी आहे.

लेखातलं औषधांवरचं दुसरं वाक्य असं : ‘पाच वर्षांनी या औषधांना सुट्टी देता येते.’ ॲलेन्ड्रोनेटसारख्या गोळ्यांबाबत ते खरं आहे, तेही मोडण्याचा धोका फार नसेल आणि डॉक्टर तपासून म्हणाले तर. ते औषध हाडात मुरून राहतं, म्हणून सुट्टी चालते. पण आमच्या शेजारच्या काकूंना दर सहा महिन्यांनी पोटाच्या कातडीखाली डेनोसुमॅब या वेगळ्या जातीच्या हाडांच्या औषधाचं इंजेक्शन असतं. त्याला सुट्टी नसते. ते लांबलं की दबलेली हाडांची झीज उसळते आणि पाठीचे मणके एकामागून एक खचू शकतात. बंद करायचंच असेल तर त्याच्या जागी दुसरं औषध सुरू करावं लागतं. काकूंना पाच वर्षं झाली आहेत. रविवारी दुपारी तुमची पुरवणी हातात घेऊन त्या आमच्याकडे आल्या. “पेपरातच लिहिलंय, आता पुरे,” म्हणाल्या. मी सांगितलेलं त्यांना पटलेलं नाही, कारण मी काही डॉक्टर नाही आणि छापून मात्र तुमचं आलं आहे.

त्यांच्या इंजेक्शनची तारीख या महिन्याची २८ आहे. त्याआधीच्या रविवारी, त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत दुरुस्ती छापा. एखाद्या अस्थिरोगतज्ज्ञाकडून तपासून घ्या, पण छापा.

आपली,
एक नियमित वाचक, कराड