बंद सातबाऱ्यांचा डेटा कशावर जपायचा? महसूलमंत्र्यांना खुले पत्र

मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

बंद सातबारे आणि जुने फेरफार यांच्या डेटाबेसमध्ये आता काना-मात्रेचाही बदल करायचा नसतो. तरी कूळहक्काचा किंवा वारसाचा वाद उभा राहिला की पहिली धाव तिकडेच असते. कागदी दप्तरात 'अ' वर्ग म्हणजे कायम जपायचा. आमची मागणी अशी, की रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी या डेटाची साठवण विकत घेताना निविदेत 'अमुक टीबी स्टोरेज' एवढेच लिहू नये. माध्यम कोणते, ते कोणत्या हवेत राहणार आणि दरवर्षी ते कोण वाचून पाहणार, हेही त्यात यावे.

आधी आकार. ए-४ पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) रंगीत स्कॅन केले की मूळ चित्र सुमारे २६ एमबी भरते. जेपीईजी केल्यावर ते साधारण एक एमबीवर येते, म्हणजे दहा लाख पानांना एक टीबी. नुसत्या मजकुराची कोष्टके त्यामानाने अगदी लहान असतात. दोन्हींना एकच माध्यम घ्यायची गरज नाही.

सर्वांत मोठी चूक एसएसडीबाबत (फिरता भाग नसलेली, चिपवर माहिती ठेवणारी डिस्क) होते. तिच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात असते. वीज तोडून कपाटात ठेवली की तो भार गळतो, आणि उकाड्यात लवकर गळतो. लेखन-आयुष्य संपलेल्या (म्हणजे ठरलेले लेखन करून झालेल्या) एसएसडीकडून जेडेक या इलेक्ट्रॉनिक उद्योगातील मानक-संस्थेच्या मानकाची अपेक्षा एवढीच आहे: घरगुती वापराची असेल तर ३० अंशांना एक वर्ष, सर्व्हरची असेल तर ४० अंशांना तीन महिने. नवी एसएसडी याहून बरीच टिकते, पण कायमच्या दप्तराला तो आधार नव्हे. सतत चालू सर्व्हरवर, लोकांना उतारे दाखवण्यासाठी ती उत्तम. नुसत्या वाचनाने ती फारशी झिजत नाही. तिथे हार्ड डिस्कही चालते, फक्त रेड-६ (एकाच वेळी दोन डिस्क बिघडल्या तरी माहिती वाचवणारी जोडणी) असावे आणि महिन्यातून एकदा सगळ्या डिस्क तपासून घ्याव्यात. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल रेड सगळ्या डिस्कवरून इमानाने पुसते.

स्कॅनच्या कायम प्रतीसाठी एलटीओ टेप (संगणकाची चुंबकीय फीत) घ्यावी, तीही एकदाच लिहिता येणारी 'वर्म' टेप. तिच्या नवव्या पिढीच्या, म्हणजे एलटीओ-९ च्या एका टेपवर डेटा न दाबता १८ टीबी मावतात. टेप काही हजारांत मिळते, ती लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या ड्राइव्हला मात्र लाखांत पैसे पडतात. म्हणून ड्राइव्ह तालुक्याला नकोत, विभागाला दोन पुरेत. एक मेख आहे. एलटीओ-९ चा ड्राइव्ह एलटीओ-८ वाचतो, एलटीओ-७ वाचत नाही. टेप तीस वर्षे टिकली तरी तेव्हा ती वाचणारा ड्राइव्ह मिळेलच असे नाही. नवी पिढी आली की डेटा तिच्यावर उतरवण्याचा खर्च आजच धरावा.

टेपला दीर्घ साठवणीसाठी १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता लागते. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते. कार्यालय सुटताना एसी बंद झाला की दमट हवा आत शिरते आणि गार वस्तूंना घाम फुटतो. रोज असे होऊ देण्यापेक्षा हवाबंद पेटीत रंग बदलणारे सिलिका जेल घालून टेप ठेवावी आणि रंग पालटला की जेल बदलावे. टेप दुसऱ्या हवेतून आणली तर २४ तास खोलीत राहू द्यावी, मगच ड्राइव्हमध्ये घालावी. दुसरी प्रत घाटावर, कोल्हापूर किंवा पुण्याला ठेवावी. तळमजला तर नकोच: चिपळूणने २००५ आणि २०२१ असे दोन महापूर पाहिले आहेत.

कोष्टकांसाठी १०० जीबीची एम-डिस्क (दीर्घकाळ टिकावी म्हणून बनवलेली ब्लू-रे प्रकारची डिस्क) योग्य. साध्या लिहिता येणाऱ्या डीव्हीडीतला सेंद्रिय रंग उडतो, खारट दमट हवेत तिचा धातूचा थरही गंजतो. एम-डिस्कचा लेखनथर असेंद्रिय असतो. लेखनाचा वेग कमी ठेवावा, डिस्कवर लेबल चिकटवू नये.

माध्यम टिकले आणि मजकूर वाचता आला नाही, तर काय उपयोग? डेटाबेसची बॅकअप फाइल त्याच सॉफ्टवेअरच्या ठरावीक आवृत्त्यांतच उघडते. म्हणून सोबत यूटीएफ-८ या युनिकोड सांकेतनातल्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या) फाइली, कोष्टकांची रचना आणि एसक्यूलाइट या एकाच फाइलीत मावणाऱ्या खुल्या डेटाबेसची एक फाइल ठेवावी. जुन्या नोंदी श्रीलिपी किंवा आयएसएम या जुन्या टंकन-सॉफ्टवेअरच्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतील, तर युनिकोड करताना मूळ प्रत टाकू नये. 'किनाऱ्यालगत', 'खोऱ्यातील' अशा शब्दांतला 'ऱ्य' रूपांतरात हमखास बिघडतो. तो माणसानेच तपासावा.

प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ अंक (मजकुरातून गणिताने निघणारा ठसा; एक अक्षर बदलले तरी तो बदलतो) काढून यादी छापावी, अभिलेखपालाची सही घेऊन नोंदवहीत लावावी. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की दरवर्षी प्रत्येक टेप आणि डिस्क पूर्ण वाचून अंक जुळवावेत. फाइलींची यादी दिसली म्हणजे फाइली शाबूत आहेत असे होत नाही. या वाचनाचे काम पुरवठादाराकडे न देता महसूल विभागानेच करावे, आणि अंक न जुळल्यास दुसऱ्या प्रतीवरून ती फाइल किती दिवसांत भरून घ्यायची, ती मुदत निविदेतच घालावी.

आपले,
किनारपट्टीवर डेटाबेस आणि अभिलेख जतनाचे काम करणारे