पिंपात आधी काय होतं ते तरी सांगा

संपादक साहेब, नमस्कार,

थंडी पडली की आमच्या घणसोलीत पोपट्या लागतात, भामरुडाचा पाला, वालाच्या शेंगा, कोंबडी, अंडी सगळं मडक्यात, आणि हल्ली जोडीला गच्चीवर बार्बेक्यूचं फॅड पण आलंय. त्यावरूनच हे पत्र.

आमच्या बाबांनी तीसेक वर्षांपूर्वी २०० लिटरच्या पिंपाचा स्मोकर (धुरावर मंद आचेने मांस शिजवायची भट्टी) बनवलेला. आडवं पिंप, कापून बिजागऱ्यांवर लावलेलं झाकण, वर पाइपाचं धुराडं. बाबा गेले, मग ते पावसात पडून राहिलं आणि तळाची गंजून पार चाळण झाली. यंदा म्हटलं दुरुस्त करू. घरात पडलेला जी.आय.चा पत्रा घेऊन वेल्डरकडे गेलो तर त्याने हातच लावला नाही, म्हणाला दादा याला जस्ताचा मुलामा आहे, वेल्डिंग करताना तो धूर छातीत गेला की रात्री मला हुडहुडी भरते आणि तुम्ही यात निखारे घालून कोंबडी खाणार? मला आपलं वाटत होतं की जस्त वितळायला ४१९ डिग्री लागतात आणि मांसाजवळ तर ११०-१२०च असतं, पण निखाऱ्याला टेकलेल्या पत्र्याची गोष्टच वेगळी. शेवटी २ एमएमचा काळा, म्हणजे बिनमुलाम्याचा पत्रा लावला. आतून वायर ब्रश मारला, शेंगदाणा तेलाचा पातळ हात दिला आणि तीन तास आंब्याच्या लाकडाचा जाळ केला (शेजारच्या काकू फायर ब्रिगेडला फोन करणार होत्या), रंग फक्त बाहेरून.

मग भावाला पण हवा झाला म्हणून दुसरं पिंप बघायला भंगारात गेलो. तिथे धुतलेली पिंपं रांगेत, लेबलं खरवडलेली, "तंदूरला एकदम बेस्ट". आत काय होतं विचारलं तर "केमिकल होतं, धुतलंय ना!" आता ठाणे-बेलापूर पट्ट्यात केमिकल कंपन्यांना काय तोटा? घातक कचऱ्याच्या २०१६च्या सरकारी नियमांप्रमाणे असली पिंपं धोकादायक कचऱ्यात मोडतात, परवाना असलेल्याकडेच जायला पाहिजेत. आणि नुसतं धुऊन काय होणार, कित्येक पिंपांना आतून कोटिंग असतं, ते तापलं की जळतं. बाबांचं पिंप खाद्यतेलाचं होतं, अजून पुसट छाप दिसते त्यावर.

प्रदूषण मंडळाने आणि पालिकेने या भंगार बाजारात एकदा चक्कर मारावी, आणि ३१ डिसेंबरच्या आधी मारावी, कारण त्या आठवड्यात ही पिंपं हातोहात खपतात.

– एक वाचक, घणसोली