दिवाणखान्यातला खारा कोपरा

नाशिक,
६ जुलै

प्रिय बंड्या,

तुझा फोन आला तेव्हा मी कोपरापर्यंत खाऱ्या पाण्यात होतो, म्हणून ‘नंतर बोलतो’ म्हणून ठेवून दिला. ‘मलाही तुझ्यासारखी प्रवाळांची टाकी करायची आहे, नीट सांग’ असं तू म्हणालास. फोनवर नीट सांगता येणार नाही, म्हणून हे पत्र.

आधी आपल्यातली गंमत बघ. तू मालवणात, गॅलरीतून समुद्र दिसतो. मी नाशकात, आणि समुद्र पाकिटातून आणतोय. लिटरमागे पस्तीस-अडतीस ग्रॅम मीठ, तेही स्वयंपाकघरातलं चालत नाही, या कामाचं वेगळं येतं. माझी टाकी साठ बाय पंचेचाळीस, उंची तीस सेंटिमीटर. काठाखाली जागा सोडून भरली की साधारण पासष्ट लिटर पाणी बसतं. उथळ मुद्दाम घेतली. प्रवाळ कापून त्याचे तुकडे वाढायला लावायचे म्हणजे सारखा हात घालावा लागतो, आणि उजेडही तळापर्यंत पोचला पाहिजे. या प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न बनवतं, आणि त्यावर यांचं बरंचसं भागतं.

गंगापूर धरणाचं पाणी आपण पितो, पण यांना ते नळातून थेट चालत नाही. आरओच्या पुढे आणखी एक गाळणी लावून टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्यावर आणतो, मग मीठ घालतो. हे सगळं झाल्यावर टाकीत काय सोडलं असेल? एक कोळंबी. मेलेली. ती कुजून अमोनिया तयार होतो, त्यावर जिवाणू वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं कमी घातक नायट्रेट करतात. आमच्या शाकाहारी घरात कोळंबी, तीही कुजवायला! आई दोन दिवस बोलली नाही. संक्रांतीनंतर टाकलेली कोळंबी, महाशिवरात्रीच्या सुमारास अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवायला लागले. तोवर पाच आठवडे मी रिकाम्या टाकीसमोर खुर्ची टाकून बसायचो. ही म्हणायची, ‘अहो, टीव्ही तरी लावा.’

रंगपंचमीच्या आदल्या दिवशी मुंबईहून पंचवटी एक्स्प्रेसनं येताना मांडीवर थर्माकोलचा डबा होता. आत दोन प्रकारचे प्रवाळ: एक लेदर, छत्रीसारखं, आणि चार मश्रूम. दुसऱ्या दिवशी सगळं गाव रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उड्या मारत होतं आणि मी मामाच्या द्राक्षबागेतून आणलेली ठिबकची बारीक नळी लावून त्यांच्या पिशवीत टाकीतलं पाणी थेंब-थेंब सोडत होतो. क्षारतेचा फरक त्यांना एकदम सोसत नाही.

आता खरी गोष्ट. मला वाटायचं, कापणं अवघड असेल. अवघड निघालं ते आपलं नाशिकचं ऊन. चिलर परवडत नाही, म्हणून पाण्यावर पंखा लावला. हवा कोरडी, त्यामुळे पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर छान उतरतं, पण रोज दोन लिटर उडून जातं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणजे भर घालायची ती गोड्या पाण्याची. मे महिन्यात चार दिवस येवल्याला लग्नाला गेलो. आईला सांगितलं, ‘रोज रेषेपर्यंत पाणी घाल, पिंपातलं.’ पिंपं दोन होती, हे सांगायचं राहिलं. तिनं इमानेइतबारे खाऱ्या पिंपातलं घातलं. परत येऊन मोजलं तर घनता १.०२५ वरून १.०२९! लेदर मुठीसारखं मिटलेलं. दोन मश्रूम तर हाताला पाघळल्यासारखे लागले, ते गेलेच. एकदम पाणी बदलायचा मोह झाला, पण तोही धक्काच. दिवसभरात थोडं थोडं खारं काढून गोडं घालत तीन दिवसांत खाली आणलं. आईला काही बोललो नाही. चूक माझीच होती. आता एका पिंपाला तिनंच लाल दोरा बांधलाय.

पुढे लेदरवर मेणासारखा पापुद्रा आला. मला वाटलं, संपलं. पण ती त्याची सवयच आहे, अधूनमधून कात टाकतं. आठवड्याभरानं पुन्हा सगळे तुरे बाहेर.

जूनमध्ये लेदर कापलं. हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि दाढीचं नवं पातं. छत्रीच्या कडेची एक पट्टी घेतली, तिचे पाच तुकडे केले. वास असा की खिडक्या उघडाव्या लागल्या. इतका चिकट बुळबुळीतपणा सुटतो की फेव्हिक्विकसुद्धा धरत नाही. मग दगडाच्या चुरीवर तुकडे ठेवले, वरून बारीक जाळी, प्रवाह मंद. लेदर पाण्यात स्वतःची विषारी द्रव्यं सोडतं, म्हणून त्या आठवड्यात थोडं पाणी बदललं आणि ताजा सक्रिय कोळसा ठेवला. मामा दिंडोरीहून बघायला आला. म्हणे, ‘आमच्या खरड छाटणीसारखंच की रे. फक्त काडी लावली की रोज उपटून मुळं बघू नको.’ मी नेमकं तेच करत होतो, रोज जाळी उचलून. दोन आठवड्यांत चार तुकडे धरले. पाचवा माझ्या उचलाउचलीनं गेला.

तुझ्यासाठी दोन गोष्टी. झोअँथिड नावाचे प्रवाळ सुंदर दिसतात, पण त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, फार जहरी. तुझी पोरं लहान आहेत, झोअँथिडच्या वाटेला जाऊ नकोस. आणि किनाऱ्यावरून काहीही उचलून आणू नकोस. दगडी प्रवाळ १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि तुझ्या दारात तर १९८७पासून सागरी अभयारण्य. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागे आपण दोघं पाण्यात डोकं घालून तासभर पाहत बसलो होतो, आठवतं? ते तिथंच राहू दे.

श्रावणात त्र्यंबकला येणार आहेस ना? तोवर टाकी लावून कोळंबी कुजवून ठेव, वहिनींची बोलणी तूच खा. पाच-सहा आठवड्यांनी आकडे शून्यावर आले की मला कळव, मग चारातला सगळ्यात तरतरीत तुकडा तुझा. येताना झाकणाचा थर्माकोल डबा आण. आणि आईसाठी कोकमाचं आगळ, कोळंबीची भरपाई म्हणून.

तुझा,
नाना