सुजूस पत्र, बोटीवर चढण्याआधी

थळ, ता. अलिबाग
रविवार, रात्री

चि. सौ. सुजूस अनेक उत्तम आशीर्वाद.

दुपारी फोन कट झाला नव्हता, मी ठेवला. आईने तुला नंतर रेंज गेली म्हणून सांगितलं, ते तिने माझ्यासाठी सांगितलं. तू किती आनंदात बोलत होतीस. दिवाळीच्या सुट्टीत क्रूझ, आम्हा दोघांचीही तिकिटं, समुद्राकडे बाल्कनी. आणि मी मधेच बोटीवरच्या ड्रिलचं, संकटात कुठे जमायचं त्याच्या सरावाचं, विचारलं, "ड्रिलला जातात का हल्ली लोक?" तू हसलीस. "नाना, ते आता फोनवर होतं, दोन मिनिटांचा व्हिडिओ असतो," म्हणालीस. तुझं काही चुकलं नाही. पण ते दोन मिनिटं ऐकलं आणि माझा हात आपोआप खाली आला. तीस वर्षं बोटीवरून तुम्हाला पत्रंच लिहिली, फोनवर मला नीट बोलता येत नाही. म्हणून लिहायला बसलो.

आधी कामाचं. तू दोन सहली सांगितल्यास. एक मुंबईहून लक्षद्वीप, एक सिंगापूरहून पेनांग आणि फुकेत. मुंबईची स्वस्त पडते, परदेश नाही त्यामुळे पासपोर्ट-व्हिसाची कटकट नाही, विमान नाही, हे सगळं खरं. जानेवारी-फेब्रुवारीत जाणार असतीस तर मी म्हटलं असतं डोळे झाकून लक्षद्वीप घे, तसं निळं पाणी मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं. पण तुला सुट्टी दिवाळीची. पाऊस गेला की दर्या निवळला असं पुण्यात बसून वाटतं. आपल्या अरबी समुद्रात ऑक्टोबर ते डिसेंबर हा वादळांचा दुसरा हंगाम आहे. फयान 2009 च्या नोव्हेंबरात आलं, दिवाळी होऊन गेली होती आणि होड्या बाहेर होत्या. ओखी तर 2017 च्या डिसेंबरात लक्षद्वीपवरूनच गेलं. दरवर्षी येतं असं नाही, आणि इशारा आला की मोठी बोट वाट बदलते, वादळात शिरत नाही. पण मग ज्या बेटासाठी पैसे भरले ते बेटच गाळलं जातं, आणि तसं करायचा हक्क त्यांनी करारात लिहून ठेवलेला असतो. शिवाय तिथे मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही. लहान बोटीत उतरून जावं लागतं. आईचे गुडघे तुला माहीत आहेत. वरखाली होणाऱ्या बोटीत पाय टाकायची वेळ नेमकी साधावी लागते, ती तिला साधणार नाही.

मलाक्काच्या सामुद्रधुनीत तसं नाही. एका बाजूला मलाया, दुसऱ्या बाजूला सुमात्रा, दर्याला उठायला जागाच नाही. सुकाणावर उभा राहून मी तिथून कितीदा गेलो त्याची गणती नाही. पाणी बशीतल्यासारखं. दुपारच्या सरी येतील, विजा चमकतील, पण लाट नाही. पहिल्यांदा बोटीवर जाणाऱ्या माणसाने, त्यातून लहान मूल आणि म्हातारी माणसं बरोबर असताना, तिथूनच सुरुवात करावी हे माझं मत. फक्त सिंगापूरचा व्हिसा पुन्हा आत येऊ देणारा आहे ना ते पाहा. बोट देशाबाहेर जाऊन परत येते, त्यामुळे तुम्ही सिंगापुरात दोनदा शिरता. मलेशिया आणि थायलंडचे नियम बदलत असतात, तेही तिकिटाचे पैसे भरायच्या आधी बघून घे. पासपोर्टाला परत येण्याच्या तारखेपुढे सहा महिने शिल्लक हवेत.

आता खोली. बाल्कनी बाल्कनी करू नकोस. बोट डुलते ती लहान मुलांच्या सी-सॉसारखी, टोकं वरखाली होतात आणि मधला माणूस बसल्या जागी राहतो. म्हणून खोली लांबीच्या मध्यावर आणि होईल तेवढ्या खालच्या मजल्यावर घ्यायची. लोक पुढच्या टोकाच्या, सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या खोलीला जास्त पैसे मोजतात, आणि बोट डुलायला लागली की सगळ्यात जास्त तीच हलते. बोटीचा मजलेवार नकाशा त्यांच्याकडे मिळतो. त्यात आपल्या खोलीच्या वर काय आणि खाली काय ते बघ. वर पोहण्याचा तलाव असला तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज, खाली नाचगाण्याचा हॉल असला तर मध्यरात्रीपर्यंत झोप नाही. अगदी पुढे असलीस तर नांगराची साखळी सुटताना जो आवाज होतो तो मेलेल्याला उठवील. स्वस्तातल्या खोल्या असतात त्यात नंबर ते ठरवतात, तुला कळतो शेवटी. तसली घेऊ नकोस. आईला खिडकी हवी, एवढं बघ. उघडत नाही ती खिडकी, पण उजेड येतो आणि क्षितिज दिसतं. पोटात ढवळायला लागलं की क्षितिजाकडेच बघायचं असतं.

बाल्कनी मला का नको ते तुला कळलं असेल. ओजस सात वर्षांचा. कठडे उंच असतात, नियमाने उंच असतात, मुलगा नुसता उभा राहून पडत नाही. पण तिथे दोन खुर्च्या आणि एक टेबल असतं, आणि तो आमच्याकडे आला की पहिल्या दिवशी कशाकशावर चढतो ते तू पाहतेस. घेतलीसच तर खुर्च्या आत आणून ठेव आणि दाराची वरची कडी लावून ठेव.

पैशाचं प्रशांतरावांना सांग. जाहिरातीतला आकडा एका माणसाचा असतो, तोही एका खोलीत दोघं धरून. त्यावर बंदराचे आकार, कर, नोकरमाणसांची रोजची बक्षिसी, इंटरनेट, थंड पेयं, किनाऱ्यावरच्या सहली. "सगळं धरून पाच माणसांचे किती?" असं विचारायचं आणि उत्तर लेखी घ्यायचं. एकाच खोलीत तिसरं-चौथं माणूस बरंच स्वस्तात बसतं, त्यामुळे ओजस तुमच्याच खोलीत.

विमानाने बोटीच्या आदल्या दिवशी पोचायचं. त्याच दिवशी नाही. विमान चार तास उशिरा आलं तर विमान कंपनी माफी मागते, बोट निघून जाते. बंदरात उतरलात तरी तेच. परत येण्याची वेळ त्यांनी सांगितली असेल त्याच्या तासभर आधी धक्क्यावर. फुकेतचं घड्याळ सिंगापूरच्या मागे एक तास आहे. मोबाइल आपोआप वेळ बदलतो आणि घोटाळा होतो. प्रशांतरावांच्या हातातल्या घड्याळात बोटीची वेळ लावायची आणि ती कोणी बदलायची नाही.

सुजू, ड्रिलचं आता लिहितो, कारण लिहिल्याशिवाय मला पुढे सुचणार नाही.

रामदास बोट बुडाली 17 जुलै 1947 ला. सकाळी आठच्या सुमाराला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली, काश्याच्या खडकाजवळ वादळात कलंडली. सहाशेच्या वर माणसं गेली. तुला माहीत आहे हे सगळं, शाळेत तू त्यावर निबंधही लिहिला होतास. पण बय, माझी आई, जे सांगायची ते तू ऐकलेलं नाहीस, तू फार लहान होतीस. माझे अप्पामामा तिच्याहून तीन वर्षांनी मोठे. तिच्यासाठी हिरव्या बांगड्या घेऊन येत होते. बरोबर गावचा एक मुलगा होता, तो वाचला, त्याने येऊन सांगितलं. पाणी आत आलं तशी सगळी माणसं एका अंगाला धावली. अप्पामामाही धावले. पोहायला ते त्या मुलाहून चांगले होते. कुठे जायचं ते कोणाला सांगितलंच नव्हतं, म्हणून सगळे तिकडे गेले जिकडे बाकीचे जात होते. बय पुढे पन्नास वर्षं जगली पण रेवसच्या लाँचमध्ये कधी बसली नाही. मुंबईला जायचं तर पनवेलवरून, एस्टीने, उलट्या करत. मी बोटीवर जायला निघालो तेव्हा तिने एकच विचारलं होतं, "धावायचं कुठे ते सांगतात ना रे?"

सांगतात. आता कायद्याने सांगावं लागतं. टायटॅनिकनंतर नियम झाले, आज मोठ्या प्रवासी बोटीवर जितकी माणसं असतात त्यांच्या सव्वापट जागा होड्यांत आणि तराफ्यांत मिळून असते. बोटी आताच्या मजबूत आहेत, मी तुला घाबरवत नाही. पण 2012 च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर गेली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल झालेलंच नव्हतं, दुसऱ्या दिवशी होणार होतं. 32 माणसं गेली. किनारा हाकेच्या अंतरावर. त्यानंतर नियम बदलला, आता बोट सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर ड्रिल व्हावंच लागतं.

तर तो व्हिडिओ बघ, पण तेवढ्यावर थांबू नकोस. खोलीच्या दारामागे तुमच्या जमायच्या जागेचं नाव लिहिलेलं असतं. सामान टाकलं की पाचही जणांनी तिथे चालत जायचं, जिन्याने, लिफ्टने नाही. आग लागली तर लिफ्ट नसते. जाताना ओजसला दारं मोजायला लाव. मुलांना ते आवडतं. मी पहिल्या बोटीवर चढलो तेव्हा आमच्या सारंगाने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, माझ्या डोळ्यांना गमछा बांधून मला केबिनपासून वरच्या डेकपर्यंत तीनदा चालवलं होतं. अकरा पावलं, डावा हात कठड्यावर, जिना, चौदा पायऱ्या, जड दार, उंबरा. सहा वर्षांनी एका रात्री भटारखान्याला आग लागून दिवे गेले आणि धूर भरला, तेव्हा मी ती अकरा पावलंच चाललो. बोट दुसरी होती, पण जातीची तीच, पावलं तेवढीच. तुझ्या जन्माच्या आधीच्या वर्षीची गोष्ट. आईला मी अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

सात आखूड भोंगे आणि एक लांब. ते ऐकलं की सामान सोडायचं, एकमेकांना शोधत फिरायचं नाही, जो जिथे असेल तिथून त्या जागी जायचं. ओजस मुलांच्या खोलीत खेळत असला तर तिथली माणसं त्याला घेऊन येतात, कुठे आणतात ते पहिल्याच दिवशी विचारून घे. मला माहीत आहे, तू आई आहेस, तू त्याला शोधायला उलटी धावशील. म्हणूनच हे लिहितो आहे.

फार झालं. सहलीला निघालेल्या मुलीला बापाने असं पत्र लिहू नये. रागावू नकोस.

बाकी बारीकसारीक. अवोमिन, म्हणजे बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी, पोटात ढवळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, आधी घ्यावी लागते. आईच्या बीपीच्या गोळ्यांबरोबर चालेल का ते डॉक्टरांना विचार. आलेपाक मी करून देतो. रिकाम्या पोटी राहायचं नाही. गोळ्या, कागदपत्रं आणि एकेक कपडा हातातल्या पिशवीत, कारण मोठ्या बॅगा खोलीत यायला संध्याकाळ होते. बोटीवर डॉक्टर असतो पण फी घेतो, आणि मोठं दुखणं निघालं तर किनाऱ्यावर उतरवतात. आपल्या इथल्या मेडिक्लेमवर विसंबू नको, परदेश प्रवासाचा वेगळा विमा घे आणि त्यात आईचं बीपी लपवू नकोस. हात साबणाने धुवायचे, जेवणाआधी प्रत्येक वेळी. बोटीवर पोट बिघडवणारा जो विषाणू पसरतो तो बाटलीतल्या सॅनिटायझरला पुरेशी दाद देत नाही. आईला सांग, विजेची किटली आणि इस्त्री नेऊ देत नाहीत.

आई मघाशी विचारत होती, बोटीच्या खोलीत देव ठेवायला जागा असते का. मी तीस वर्षं बोटीवर काढली आणि तिला एकदाही आतून बोट दाखवली नाही. अधिकाऱ्यांच्या बायका यायच्या, आम्हा खलाशांच्या नाही. ती इथून, थळच्या किनाऱ्यावरून, खांदेरीच्या पलीकडून जाणाऱ्या बोटी बघायची आणि त्यातली माझी कुठली असेल ते ठरवायची. आणि तू, रेवसच्या लाँचमध्ये माझ्या सदऱ्यावर ओकणारी, आज स्वतःच्या पगारातून तिला तिकीट काढते आहेस. फोनवर मला हे बोलायचं होतं. ते राहिलं आणि भलतंच बोललो.

माझी नळी, खलाशाच्या नोकरीचं पुस्तक, अजून कपाटात आहे, पण पासपोर्ट संपून बरीच वर्षं झाली. उद्या सकाळच्या गाडीने अलिबागला जाऊन फोटो काढून घेतो. फॉर्म तू भर, मला त्या कॉम्प्युटरवरचं जमत नाही.

ओजसला खूप पापे. प्रशांतरावांना आणि विहीणबाईंना नमस्कार.

तुझे,
नाना

ता. क. ओजसचं वजन कळव. खोलीत लाइफ जॅकेटं असली तर ती मोठ्यांची असतात, लहान मुलाचं वेगळं मागून घ्यावं लागतं. मी पहिल्या दिवशीच मागीन.